कपाटामागची भिंत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे शिकलो. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना मी कोणी निवृत्त प्राध्यापक आहे, ही जाणीव बाजूला पडते आणि उशीर झाला म्हणून दारात थांबवलेला विद्यार्थी तेवढा उरतो. चिटणिसांचे निमंत्रण आले तेव्हा मी बखरींच्या गद्यावर किंवा संतवाङ्मयावर बोलेन, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी विषय कळवला, ‘घरातील ओल, बुरशी आणि कुटुंबाचे आरोग्य’. दूरध्वनीवर ते काही क्षण गप्प होते. नंतर म्हणाले, “सर, विषय आपलाच ना? नाही, छपाईला द्यायचा आहे म्हणून विचारतो.” विषय माझाच आहे. तो माझ्याकडे कसा आला, हे सांगितल्याखेरीज त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही. म्हणून आज थोडे घरगुती बोलणार आहे. आपण ते ऐकून घ्यावे.

प्रथम भाषेच्या वाटेने जाऊ, कारण तेवढीच वाट माझ्या सरावाची आहे. ओलसरपणासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. ओल, ओलावा, दमट, सर्द, कोंदट, कुबट. भिंतीवर फुलणाऱ्या पांढऱ्या क्षाराला लोणा, दगडावरच्या हिरव्या थराला शेवाळ, शिळ्या भाकरीवर येतो तो बुरा, आणि या साऱ्या कुळाची बुरशी. यांतील ‘ओल’ हा शब्द आम्हा वाङ्मयाच्या माणसांनी फार लाडावून ठेवलेला आहे. शेतकऱ्याला पेरणीसाठी ओल हवी, कवीला डोळ्यांत हवी, समीक्षकाला कथेत हवी. पस्तीस वर्षे मी वर्गात ‘मनाची ओल’ शिकवली. मात्र घराच्या भिंतीची ओल मला वाचता आली नाही.

‘कुबट’ या शब्दाकडे तर विशेष लक्ष द्यावे. हा नुसता दुर्गंध नव्हे. बंद पेटी उघडावी, पावसाळ्यात न वाळलेली सतरंजी नाकाशी धरावी, तेव्हा जो वास येतो त्याला दुसरा शब्द नाही. बुरशी वाढत असताना काही वायुरूप द्रव्ये बाहेर टाकते आणि नाकाला ती फार थोड्या प्रमाणातही जाणवतात. म्हणजे डोळ्यांना डाग दिसण्याच्या आधी, किंवा डाग कपाटामागे, गादीखाली, लाकडी तक्तपोशीच्या वर दडलेला असतानाही, घरात कुठेतरी ओल आहे ही वर्दी नाक देते. आमच्या आजीला रसायन ठाऊक नव्हते, पण ‘कुबट वास येतोय, गाद्या बाहेर काढा’ हे ती सांगत असे.

किंबहुना बुरशीचे शास्त्र आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून अवगत होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही. फोडींवर तेल उभे राहिले पाहिजे. पापड, कुरडया, सांडगे चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत. पाणी आणि हवा यांतील एक तरी तोडा, म्हणजे बुरा येत नाही, हा त्यातला सिद्धान्त. लोणच्याच्या बाबतीत इतका दक्ष असलेला समाज भिंतीच्या बाबतीत गाफील कसा राहिला, याचे मला नवल वाटते. याचे उत्तर कदाचित एवढेच, की लोणचे बायकांच्या ताब्यात होते आणि भिंती पुरुषांच्या.

आता माझ्या घराकडे येतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचीवर, घाटमाथ्याच्या कुशीत. आंबोलीचा धुवाधार पाऊस आपल्यापर्यंत येईतो पुष्कळ ओसरतो हे खरे. तरी जून ते सप्टेंबर येथे पावसाची रिपरिप, धुके आणि गारठा यांचे राज्य असते. ऊन दिवसचे दिवस दिसत नाही. माझे वडिलोपार्जित घर गावात होते. मातीच्या भेंड्यांच्या जाड भिंती, वर कौले, सोपा, माजघर, मागे परडे. १९८४ साली मी शहराच्या नव्या वस्तीत स्लॅबचे घर बांधले. प्राध्यापकाने बांधलेले घर, तेव्हा त्यात नकाशापेक्षा पुस्तकांचा विचार अधिक. पश्चिमेकडच्या खोलीत मी भिंतभर कपाटे करून घेतली, पाठी थेट भिंतीला टेकवून. पावसाची झड येऊन पुस्तके भिजू नयेत म्हणून त्या खोलीची खिडकी जूनमध्ये बंद होई ती दसऱ्याला उघडे. याच खोलीत माझ्या मुलाची खाट होती. मुलाने पुस्तकांच्या सहवासात वाढावे, ही माझी शैक्षणिक कल्पना!

घरात राहायला गेलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला खोकला लागला. पुढे दर पावसाळ्यात रात्री दोन-अडीचच्या सुमारास छातीत सूं सूं आवाज, धाप, आणि मग खाटेवर बसून काढलेली रात्र. औषधे झाली, काढे झाले. डॉक्टरांनी बालदमा असे निदान केले. ते चुकीचे नव्हते. चूक पुढे माझी झाली. माझ्या पत्नीच्या एका चुलत्यांना दमा होता. तेवढ्या आधारावर मी निर्णय देऊन टाकला, “हा तुझ्या माहेरचा वारसा.” एकदा नव्हे, अनेकदा, पाहुण्यांसमोरही. ती काही बोलत नसे. आजही ते वाक्य आठवले की मला या वयात मान वर करवत नाही.

एवढ्या काळात तिने मला दोनदा सुचवले होते, “अहो, या खोलीत वास येतो. कपाट जरा पुढे ओढून बघू या का?” कपाटे पुस्तकांनी भरलेली; ती हलवायची म्हणजे शेकडो ग्रंथ उतरवायचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका, प्रबंधाचे काम, माझी कारणे तयार असत. वर्षातून एकदा खालच्या फळीवरच्या ग्रंथांच्या पुठ्ठ्यांवर भुरकट बुरा दिसे; तेव्हा मात्र मी सारी कामे टाकून ते अंगणात नेत असे, मऊ फडक्याने पुसत असे, कडुनिंबाची पाने घालून परत लावीत असे. मी पुस्तकांना ऊन दाखवले. त्याच भिंतीपासून चार फुटांवर निजणाऱ्या मुलाचा विचार माझ्या मनात आला नाही.

१९८८ च्या मे महिन्यात पत्नी दुसऱ्या बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी गेली. मुलगा बरोबर गेला. जुलै, ऑगस्ट तो तिथेच राहिला; मामाच्या ओळखीने तिथल्या शाळेत नुसता बसायला जाई. सोलापूर कोरडे, घर जुने, मोकळे. त्या अख्ख्या पावसाळ्यात त्याला एकदाही धाप लागली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळी परत आली आणि पाचव्या रात्री दोन वाजता तो उठून बसला. पत्नी तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन होती. तिने आवाज न चढवता म्हटले, “ज्या माहेरचा वारसा म्हणता, तिथे हा चार महिने एकदाही खोकला नाही.”

सकाळी मी कपाट रिकामे केले. शेजारच्या दोघांना बोलावून ते ओढले. मागे, जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत, भिंत काळी-हिरवी होती. वरच्या कोपऱ्यातून दुसरा डाग खाली उतरत आला होता. गिलावा बोटाने दाबला तर भिजल्या बिस्किटासारखा आत जात होता. कपाटाच्या पाठीच्या फळीवर मखमलीसारखा थर. आणि तो वास! तो वास घरात रोज होता. फक्त मी त्याला ‘जुन्या पुस्तकांचा वास’ असे रसिक नाव देऊन ठेवले होते.

हे कसे घडते ते थोडक्यात सांगतो. मी शास्त्रज्ञ नव्हे, पण तेव्हापासून या विषयावर वाचत आलो आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांतील पुष्कळसे दोन ते दहा मायक्रॉन एवढे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी लहान. त्यांना घरातून हद्दपार करणे अशक्य. त्यांना रुजायला लागते ते पाणी; खाद्य म्हणून कागद, खळ, लाकूड, रंग, धूळ काहीही चालते. पाणी भिंतीत तीन वाटांनी येते. जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसेल किंवा फुटला असेल, तर जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. वळचणीचे पाणी आढ्याला गेले, अशी आपल्याकडे अघटिताची म्हण आहे. जोत्याचे पाणी मीटरभर वर जाणे मात्र अघटित मुळीच नाही. दुसरी वाट गच्चीची भेग, फुटका पन्हळ, सज्जाविना उघडी पश्चिमेची भिंत. तिसरी वाट आपणच. आंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास, या साऱ्यांची वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. आणि भिंतीला टेकलेल्या कपाटामागे वारा नसल्याने ती तिथून निघत नाही. माझ्या भिंतीत या तिन्ही वाटा एकत्र आल्या होत्या.

आता आरोग्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल त्याआधी २००४ चा. दोन्हींचा निष्कर्ष बराचसा एकच आहे. ओल्या घरात राहणाऱ्यांत खोकला, छातीत घरघर, नाक-घशाचे विकार आणि दम्याचा जोर अधिक आढळतो. बीजाणू आणि बुरशीचे बारीक तुकडे श्वासावाटे जातात. ज्यांच्या शरीराला त्यांचे वावडे असते त्यांच्या श्वासनलिका सुजतात, आवळतात. शिवाय ओलीत धुळीतले सूक्ष्म कीटकही माजतात आणि तेही दम्याला चिथावतात. हवेत इतके बीजाणू चालतील आणि इतके नाही, अशी सुरक्षित मर्यादा तज्ज्ञ देत नाहीत. ओल काढा, बुरशी काढा, एवढेच सांगतात.

‘ॲस्परजिलस’ या बुरशीच्या वावड्यातून दमेकऱ्यांना होणारा फुप्फुसाचा एक विकार आहे. क्ष-किरण चित्रात तो क्षयासारखा दिसू शकतो, आणि आपल्या देशात अशा रोग्यांना क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली गेल्याचे छातीच्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहे. आपला जिल्हा उसाचा. साखर कारखान्याच्या आवारात ओल्या, आंबलेल्या चिपाडांच्या ढिगात बुरशीसारखे वाढणारे सूक्ष्म जीव असतात. त्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसदाहाला ‘बगॅसोसिस’ असे नावच आहे. तेव्हा हा विषय केवळ सुखवस्तू घरांतल्या भिंतींचा नाही.

मात्र भीतीचा बाजारही मांडू नये. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९९० च्या दशकात तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला आणि घरातल्या एका काळ्या बुरशीकडे बोट दाखवले गेले. पुढे २००० साली तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने, हा संबंध सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. तोवर ‘विषारी काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग जगभर पोहोचला होता. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ‘काळी बुरशी’ हे शब्द मृत्यूच्या बातम्यांसह घरोघर गेले. कित्येकांनी तेव्हा न्हाणीघराची भिंत घासून काढली. तो आजार म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांच्या संगतीने तो उसळला. त्यातला काळा रंग मृत झालेल्या ऊतींचा. भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याचे नाते नाही, आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. एका ढिल्या शब्दाने किती घबराट माजते, हे भाषेच्या शिक्षकाने तरी लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु बुरशी क्षुल्लकही नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल वारले. घर भाड्याचे, भिंतींवर बुरशी. बापाने तक्रार केली तर वरून रंग मारा असे सांगण्यात आले, आणि कुटुंबाच्या राहणीवरच बोट ठेवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात अशा घरमालक संस्थांवर ठरावीक मुदतीत ओल दूर करण्याचे बंधन आले आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते लागू झाले. त्या बालकाच्या नावानेच तो कायदा ओळखला जातो. मी ती हकीकत वाचली तेव्हा ‘कुटुंबाच्या राहणीवर बोट’ या शब्दांशी थांबलो. भिंत पाहायची नसली की माणसाकडे बोट दाखवणे सोपे. मी तेच केले होते.

जुने कौलारू घर बरे होते, असे यावर काही जण म्हणतील. काही अंशी खरे आहे. कौलांच्या फटींतून घर श्वास घेई, मातीची भिंत ओल घेई आणि सोडी, वळचण रुंद असल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, चुलीची ऊब दिवसभर असे. पण त्याच चुलीच्या धुराने आमच्या आयांची फुप्फुसे काळी झाली, तेव्हा स्मरणरंजनात फार रमू नये. सदनिकांमध्ये आज उलट प्रकार आहे. सरकत्या काचा घट्ट बंद, न्हाणीघराला खिडकी नाही, सज्जा बंदिस्त करून त्यात कपडे वाळत, आणि वर सुगंधी फवारा. कुबट वासावर सुगंध मारणे म्हणजे कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळी देऊन त्याला गप्प करणे.

माझ्या भिंतीचे पुढे काय झाले, तेही सांगतो, कारण त्यात मी दुसरी चूक केली. डाग खरवडून, पुसून मी त्यावर चकचकीत तैलरंग लावून घेतला. पुढच्या जूनमध्ये रंगाचे फुगे आले, पोपडे सुटले, आणि बुरशी पहिल्यापेक्षा जोमाने वर आली. नंतर एका म्हाताऱ्या गवंड्याने, माझ्या पांडित्याची पत्रास न ठेवता, आधी गच्चीवर चढून कठड्याची भेग आणि पन्हळाचा निसटलेला सांधा दाखवला. ते दुरुस्त झाले. मऊ पडलेला गिलावा विटेपर्यंत काढला. भिंत हिवाळाभर आणि उन्हाळाभर उघडी ठेवली, आणि मेअखेरीस नवा गिलावा चढला. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे आली. मुलाची खाट पूर्वेच्या खोलीत गेली. गादी टाकून दिली. बुरशी खोलवर गेलेली गादी-उशी धुऊन सुधारत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी डाग लहान असेल, साधारण दहा चौरस फुटांच्या आतला, तर नाका-तोंडाला मुखपट्टी आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने घासून भिंत पुरती कोरडी करता येते. कोरडा झाडू मात्र फिरवू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. दमेकरी, तान्ही मुले, वृद्ध यांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे. डाग मोठा असेल किंवा पुन्हापुन्हा येत असेल, तर पाणी कुठून येते ते आधी शोधावे. पाणी सांडले, भिजले तर दिवस-दोन दिवसांत सारे वाळले पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर आपल्या जिल्ह्यात किती घरांच्या भिंती महिनोन्‌महिने ओल्या राहिल्या, आणि लोक त्यांतच निजले, हे आपण पाहिलेले आहे. आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र आता फार महाग नाही. घरात ती साठ टक्क्यांखाली राहावी असा प्रयत्न करावा. पावसाळ्यात आपल्याकडे हे रोज साधणार नाही, हे मलाही कळते.

मुलाचा दमा भिंतीबरोबर समूळ गेला, असे सांगितले तर ऐकायला बरे वाटेल, पण ते खरे नाही. रात्रीच्या धापा खूपच कमी झाल्या. आज तो पंचेचाळिशीचा आहे आणि खिशात श्वासाचा पंप असतो. डॉक्टरांच्या मते वारसाही असेल आणि भिंतही असेल. पत्नीची क्षमा मी मागितली ती फार उशिरा, २००६ मध्ये, निवृत्तीच्या आधी दोन वर्षे. ती म्हणाली, “कपाट ओढलेत ना, झाले.”

शेवटी सरांविषयी. या शाळेच्या पश्चिमेकडच्या वर्गात पावसाळ्यात आम्हाला ते पहिले काम लावीत, बाके भिंतीपासून एक हात पुढे ओढण्याचे. पाऊस थांबला की लगेच खिडक्या उघडायच्या. आम्हाला वाटे, शिस्त म्हणून. मी त्यांचे व्याकरण घेतले, हस्ताक्षर घेतले, आणि हे तेवढे शाळेतच ठेवून गेलो.

आज येताना मी मुद्दाम त्या वर्गात डोकावलो. मागच्या भिंतीवर, फळ्याच्या उजव्या अंगाला, पन्हळाच्या रेषेत हातभर डाग आहे आणि बाके भिंतीला टेकलेली आहेत. सुवर्णमहोत्सवी तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गांच्या रंगकामासाठी देणगी दिल्याचे अध्यक्षांनी आताच जाहीर केले. माझी चालकांना विनंती आहे की, त्या देणगीतून प्रथम तो पन्हळ पाहून घ्यावा. माझ्या मानधनाचे पाकीट मी चिटणिसांकडे त्याच कामासाठी परत केले आहे.